शेवटच्या बाकावरचे हवालदार

शेळकेदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुरुळीतल्या आमच्या मेडिकलमध्ये काउंटरमागं उभी होते. समोर गावातल्या काशीआक्का. डॉक्टरांनी दिलेली नवी गोळी जुन्या गोळीबरोबर चालेल, असं मी त्यांना दोनदा सांगितलं होतं, पण आक्कांना ते दादांच्या तोंडून ऐकायचं होतं. "थांबते की," त्या म्हणाल्या, "शेळक्याला इचारल्याबिगर मी न्हाई घेत." मी त्यांना स्टूल दिलं. दहा वाजून गेले होते आणि दादांचा पत्ता नव्हता, हेच खरं तर नवल होतं. वीस वर्षं सैन्यात काढलेला तो माणूस, साडेनऊ म्हटलं की नऊ पंचवीसला शटर वर करणारा. तेवढ्यात सुनंदावहिनींचा फोन आला. "रझिया, अगं हे गेले…" एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन शेजारणीनं घेतला. आकुर्डीच्या घरी, दुकानाला यायला निघताना, बूट घालायला वाकले ते तसेच कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. वय बावन्न. मी आक्कांना सांगितलं. त्यांनी हातातलं पाकीट काउंटरवर परत ठेवलं आणि म्हणाल्या, "आता गं कुणाला इचारायचं?"

त्याला आता दोन महिने होतील. या दोन महिन्यांत माझ्या एक लक्षात आलंय, दादांची आठवण निघाली की मला आधी हसू येतं. रडू येतं, पण ते मागून, एकटी असले की. वहिनींचंही आता तसंच होऊ लागलंय. त्यामुळं हे वाचताना कुणाला हसू आलं तर संकोच करू नये.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नऊ वर्षांपूर्वी, ताथवड्याच्या फार्मसी कॉलेजात, डिप्लोमाच्या पहिल्या दिवशी. मी एकतीस वर्षांची, मुलगी दुसरीत. लातूरला बारावी सायन्स झाल्यावर लग्न झालं आणि पुस्तकं माळ्यावर गेली ती गेलीच. नवऱ्याचं, यूनुसचं, कुरुळीत हायवेला लागून गॅरेज. तेरा वर्षांनी पुन्हा वर्गात बसायला आले तेव्हा भोवती सगळी अठरा-एकोणीस वर्षांची मुलंमुली, आणि मी ओढणी सावरत शेवटच्या बाकावर. इतक्यात दारातून एक उंच, ताठ माणूस आत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशा कातरलेल्या, पॉलिश केलेले काळे बूट. सर आले म्हणून सगळा वर्ग खाडकन उभा राहिला. तो माणूस दचकला. त्यानं मागं वळून पाहिलं, की आपल्या मागून कोण साहेब येतायत… मागं कुणीच नव्हतं. मग तो सरळ चालत शेवटच्या बाकाशी आला आणि मला म्हणाला, "मॅडम, ही जागा रिकामी आहे का?" मी म्हटलं, मी मॅडम नाही, मी पण शिकायलाच आलेय. त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू अनोळखी मुलखात गाववाला भेटला. "मग बरं झालं," ते म्हणाले, "आपण दोघं असलो तर तुकडी झाली."

हे ते हळू आवाजात म्हणाले असा त्यांचा समज होता. पुढच्या चार बाकांनी मागं वळून पाहिलं. दादांना हळू बोलता येत नसे, आयुष्यात कधीच जमलं नाही ते. त्याचे किस्से पुढं येतील.

रंगनाथ शेळके मूळचे जामखेडकडचे. बारावी सायन्स करून सैन्याच्या वैद्यकीय दलात भरती झाले, नर्सिंग असिस्टंट म्हणून. वीस वर्षांत बर्फातली ठाणी पाहिली, आसामची जंगलं पाहिली, मोठ्या लष्करी रुग्णालयातले वॉर्ड पाहिले. हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा वय चाळिशीच्या पुढं थोडंसं. मुलगी शिकत होती, म्हणून आकुर्डीला घर केलं. आणि बहुतेक निवृत्त जवान जे करतात तेच त्यांनी केलं. चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी धरली. गाड्यांचे नंबर लिहायचे, डबे तपासायचे, साहेबाची गाडी आली की सलाम ठोकायचा. दोन वर्षं त्यांनी ते इमानानं केलं आणि त्याबद्दल वाईट ते कधी बोलले नाहीत. एकदा मात्र आत कारखान्यात एका कामगाराचा हात मशीनमध्ये आला. लोक ओरडत गेटकडं धावले तेव्हा दादांनी स्वतःचा रुमाल आणि कुणाचा तरी पट्टा घेऊन रक्त थांबवलं, हात उंच धरून ठेवला, माणसाला बोलतं ठेवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती बांधणी पाहून विचारलं, हे कुणी केलं? सोबतच्यानं सांगितलं, "कुणी नाही साहेब, सिक्युरिटीवाल्यानं."

हे दादांच्या कानावर आलं. "मला राग नाही आला, ताई," त्यांनी मला सांगितलं होतं. "खरंच होतं ते. वीस वर्षं मी जे शिकलो ते गेटवर कुणाला दिसायचं कारणच नव्हतं. पण ते 'कुणी नाही' डोक्यातून जाईना." पुढच्या सुट्टीला ते पुण्याला गेले, माजी सैनिकांसाठी सरकारचं जे कार्यालय असतं तिथं. पेन्शनच्या कागदासाठी म्हणून गेले होते. तिथला कारकून स्वतः निवृत्त नाईक. त्यानं यांचं सर्व्हिस बुक चाळलं आणि म्हणाला, "हवालदारसाहेब, तुम्ही मेडिकल लाइनचे. फार्मसीच्या डिप्लोमाला माजी सैनिकाची राखीव जागा असते. फीचीही सोय होते. पण काय आहे, फॉर्म सगळे नेतात, भरून परत कुणी आणत नाही." दादांनी तिथंच बाकावर बसून फॉर्म भरला आणि पाच मिनिटांत त्याच्या टेबलावर ठेवला. अट एकच होती. वर्ष वाया घालवायचं नाही, पहिल्या खेपेला पास व्हायचं. नापास झालात तर मदत थांबली. घरी येऊन वहिनींना सांगितलं तेव्हा वहिनी भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "वीस वर्षं तुमची वाट बघितली, आणखी दोन बघेन. पण आता निदान रात्री जेवायला घरी असाल." हा संवाद मला दोघांनीही वेगवेगळा सांगितलाय आणि दोघांच्या सांगण्यात भाकरीचा उल्लेख आहे, म्हणून मी तो खरा मानते.

कॉलेजात पहिल्या महिन्यातच कळून चुकलं, की दादांचे हात हुशार आहेत आणि रसायनशास्त्र हे त्यांचं नाही. औषध मोजणं, मलम घोटणं, बाटलीवर चिठ्ठी लावणं, हे सगळं ते अशा सफाईनं करायचे, की पोरं त्यांच्या टेबलाभोवती गोळा व्हायची. पण केमिस्ट्रीचा तास आला की तोच माणूस ओल्या कोंबडीसारखा बसायचा. ते तास घ्यायच्या देवकुळे मॅडम. वयानं दादांपेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी लहान, बारीक चणीच्या आणि जिभेला धार. मॅडमनी नाव घेतलं की दादा टाचा जुळवून उभे राहायचे. "शेळके, बसून उत्तर दिलं तरी चालतं," मॅडम म्हणायच्या. "जी मॅडम," म्हणून दादा उभेच. प्रयोगाची पहिली वही त्यांनी लिहिली ती अशी: उद्देश. सामान. मनुष्यबळ. कारवाई. नुकसान. मॅडमनी ती वही सगळ्या वर्गासमोर उघडली आणि शांतपणे म्हणाल्या, "शेळके, हा प्रयोग आहे, हल्ला नव्हे." वर्ग हसला, दादाही हसले. 'नुकसान' या मथळ्याखाली त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'काचेची नळी, एक.'

त्या प्रयोगात आम्लात थेंबथेंब अल्कली सोडत जायची आणि पाणी फिकट गुलाबी झालं की थांबायचं. दादांना थांबणं जमायचं नाही. तीनेक वेळा त्यांचं पाणी बिटाच्या रसासारखं लालभडक झालं. पहिली चाचणी झाली, वीसपैकी त्यांना चार मिळाले. मला अकरा. त्या दिवशी ते पार्किंगच्या कट्ट्यावर बसले होते, पेपर घडी करून खिशात. मी जाऊन शेजारी बसले. ते म्हणाले, "गेटवरचा सुपरवायझर म्हणाला होता, शेळके, कधीही परत या. चांगला माणूस आहे तो." मला का कुणास ठाऊक, फार राग आला. माझ्या मनातही रोज हेच चालायचं, की आपण परत घरी जावं, कोण विचारतंय… आणि हा माणूस ते मोठ्यानं बोलत होता. मी म्हटलं, "दादा, तुम्ही गेलात तर शेवटच्या बाकावर मी एकटी. मी पण नाही येणार मग." त्यांनी खिशातला पेपर काढून पुन्हा नीट घडी घातली. मग म्हणाले, "ही धमकी आहे का?" मी म्हटलं, हो. "मग विचार करावा लागेल," ते म्हणाले.

त्यांचा विचार असा निघाला, की पुढच्या रविवारी सकाळी नऊला ते मोटरसायकलवरून थेट यूनुसच्या गॅरेजात हजर. मला काही सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "यूनुसभाऊ, तुमच्या मिसेस आणि मी एका वर्गात आहोत. मला केमिस्ट्री येत नाही, त्यांना थोडी येते. त्यांना औषधांची नावं पाठ होत नाहीत, मला ती पाठच आहेत. आम्हाला एकत्र अभ्यास करायचाय, तो तुमच्या डोळ्यासमोर करायचाय. इथं जागा मिळेल का?" यूनुस मुळात कमी बोलणारा. माझ्या कॉलेजबद्दल त्याच्या घरच्यांनी त्याला बरंच ऐकवलं होतं, आणि तो ते माझ्यापर्यंत येऊ देत नव्हता, हे मला ठाऊक होतं. त्यानं दादांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, फडक्याला हात पुसले आणि एक टायर ओढून पुढं केला. "बसा की भाऊ. चहा सांगतो."

तेव्हापासून वर्षभर, दर रविवारी, आमची शाळा त्या गॅरेजात भरली. आणि जे देवकुळे मॅडमना जमलं नाही, मला तर नाहीच नाही, ते यूनुसनं केलं. मी वही उघडून आम्ल, अल्कली, क्षार असं सांगत होते, दादा मान डोलावत होते आणि त्यांच्या डोळ्यांत काहीच उमटत नव्हतं. यूनुस एका टेम्पोची बॅटरी साफ करत होता. टोकांवर पांढरं-हिरवं साठलेलं. त्यानं खायच्या सोड्याचं पाणी त्यावर ओतलं, फसफस करून फेस आला आणि थांबला. तो मान वर न करता म्हणाला, "हे काय, हेच तर सांगतेय ती. बॅटरीत ॲसिड, डब्यात सोडा. दोघं भांडतात तोवर फेस. फेस थांबला, भांडण मिटलं. त्याच्या पुढं सोडा ओतला तर तो फुकट जातो." दादा उठून उभे राहिले. "भाऊ, परत ओता," म्हणाले. यूनुसनं परत ओतलं. दादांनी त्याला त्या सकाळी चार बॅटऱ्या साफ करायला लावल्या, त्यातल्या दोन स्वच्छच होत्या. पुढच्या प्रयोगाला त्यांचं पाणी फिकट गुलाबी झालं आणि त्यांनी तोटी बंद केली. मॅडमनी ते उजेडाकडं धरून पाहिलं आणि विचारलं, "आज कसं काय?" दादा म्हणाले, "मॅडम, भांडण मिटलं की थांबायचं." सगळ्या मजल्याला ऐकू गेलं ते.

गंजलेल्या सायलेन्सरवरून आम्ही ऑक्सिडेशन शिकलो, रेडिएटरच्या पाण्यावरून द्रावणं शिकलो. बदल्यात दादा मला औषधं शिकवायचे, आणि ती माणसांसकट. एकेका औषधाला त्यांच्याकडं एक रुग्ण होता. दम्याच्या औषधाला एक शीख ड्रायव्हर, मलेरियाच्या गोळीला एक तंबूभर नागा पोरं, जुलाबाच्या औषधाला खुद्द एक कर्नलसाहेब. परीक्षेत मला गोळीचं नाव आठवायच्या आधी तो माणूस आठवायचा.

वार्षिक परीक्षेत केमिस्ट्रीचा दिवस आला. गोळीबार चालू असताना जखमींना सलाइन लावणारा माणूस, पण त्याला पेनाचं टोपण निघेना. मी ते काढून दिलं. निकाल लागला तेव्हा पास व्हायला चाळीस हवे होते आणि दादांना बेचाळीस होते. ते तडक निघाले. स्टाफरूमच्या दाराशी गेले, देवकुळे मॅडम बाहेर आल्या, तेव्हा टाचा जुळवून त्यांनी कडक सलाम केला.  हातातलं पुस्तक काखेत मारून मॅडमनीही उलट सलाम केला, आणि तसाच हात डोळ्यांवरून फिरवून त्या आत गेल्या.

दुसऱ्या वर्षी पाळी माझी आली. लातूरला अब्बांना अर्धांगवायू झाला. भावंडांत मी थोरली, मुलीला घेऊन गेले ती महिनाभर तिथंच अडकले. हजेरी गेली, तास गेले, आणि खरं सांगायचं तर माझं मनही गेलं. दादांना फोन करून सांगितलं, की मी आता काही परत येत नाही, माझ्या नावावरची पुस्तकं लायब्ररीत जमा करा. ते फक्त "बरं" म्हणाले. इतक्या सहज बरं म्हणाले, की मला वाईटच वाटलं. पण त्याच संध्याकाळी फोनवर फोटो आले. मोठ्या, सुट्या, छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलेली दोन पानं. वर मथळा: 'आजचा अहवाल.' खाली पहिला तास, दुसरा तास, मॅडम काय म्हणाल्या, फळ्यावर काय लिहिलं, कोण झोपलं. शेवटी: 'शेवटचा बाक. उपस्थित एक. रजेवर एक.' दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्यांनी एकदाही परत या म्हटलं नाही. अब्बांना भरवून झालं की मी ते अहवाल वाचायचे, आणि नंतर नंतर अब्बाच खुणेनं विचारू लागले, आज काय शिकवलं? बोलता येत नव्हतं त्यांना, पण हसता यायचं… महिन्यानं भाऊ गावी आला आणि मी मुलीला घेऊन कुरुळीची गाडी पकडली. कॉलेजनं कागदपत्रं पाहून राहिलेले प्रयोग करून घेतले. लायब्ररीत गेले तर पुस्तकं माझ्याच नावावर होती. "जमा नाही केलीत?" मी विचारलं. "विसरलो," दादा म्हणाले. विसरणारा माणूसच नव्हता तो.

दोघंही पास झालो. रुग्णालयातलं प्रशिक्षण झालं, नोंदणी झाली, आणि दादांनी मेडिकल टाकायचं ठरवलं. आकुर्डीत किंवा ताथवड्यात नव्या सोसायट्यांच्या खाली टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. ते म्हणाले, कुरुळीत टाकणार. तिथं तिन्ही शिफ्टचे कामगार खोल्या करून राहतात, दुखलं-खुपलं तर दुकानदारालाच विचारतात, मग दुकानदार तरी शिकलेला असावा. आणि मला म्हणाले, "ताई, तुम्ही या. मला हळू बोलता येत नाही, तुम्हाला येतं. मेडिकलला दोन्ही लागतं." हे त्यांनी गंमत म्हणून सांगितलं नव्हतं. दुकान उघडल्यावर आठवड्यातच एक नवं लग्न झालेला कामगार लाजत काहीतरी कुजबुजला आणि दादांनी ते कपाटाकडं वळून इतक्या स्वच्छ शब्दांत उच्चारलं, की पलीकडच्या वडापावच्या गाडीवरची गर्दी वळून बघायला लागली. तो पोरगा पुन्हा कधी त्यांच्यासमोर उभा राहिला नाही, मी असले तरच यायचा. त्यानंतर नियमच झाला. खासगी काम माझ्याकडं, ओरडायचं काम त्यांच्याकडं.

आणि ते ओरडायचे, यात शंका नाही. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागितलं की ओरडायचे, अर्धाच डोस घेऊन बरं वाटतंय म्हणून सोडला की जास्त ओरडायचे. पहिलं वर्ष गिऱ्हाइकं तुटली, काहींनी शेजारच्या गावातलं दुकान धरलं. मी सुद्धा एकदोनदा म्हटलं, दादा, जरा सबुरीनं. त्यांचा हट्टीपणा मला काही वेळा असह्य व्हायचा आणि आम्ही दिवसभर न बोलता काम केल्याचेही दिवस आहेत. पण बालाजीची गोष्ट झाली आणि मी त्यांना टोकणं सोडलं. बालाजी परभणीचा, एका कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्र्याचे भाग दाबायच्या कामाला. पाठ दुखायची म्हणून रोज येऊन गोळ्या न्यायचा, दोनच्या तीन, तीनच्या चार. सलग ओव्हरटाइम करत होता, बहिणीचं लग्न काढलं होतं. एक दिवस दादांनी पाकीट काउंटरवर ठेवलंच नाही. "आजपासून नाही," म्हणाले. बालाजी तापला. "ओ दादा, पुढच्या दुकानात मिळतंय की." "मिळेल. माझ्याकडून नाही." तो तणतणत निघून गेला. दादा मला म्हणाले, "ताई, दुकान बघा," आणि बाहेर पडले. त्यांनी त्याला हायवेच्या कडेला गाठलं आणि मोटरसायकलवर मागं बसवून डॉक्टरांकडं नेलं. बालाजी नंतर सांगायचा, की बस म्हणाले ते असं म्हणाले, की पाय आपोआप उचलला गेला. तपासण्या झाल्या. गोळ्यांनी मूत्रपिंडाला धक्का बसायला सुरुवात झाली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा महिने असंच चाललं असतं तर कठीण होतं. बालाजी बरा झाला. बहिणीच्या लग्नाला दादांना परभणीला घेऊन गेला आणि तिथं म्हणे दादांनी मांडवात दोन म्हाताऱ्यांच्या गोळ्या तपासल्या. अंत्ययात्रेत खांदा द्यायला तो पहिला होता.

हळूहळू दुकानात दुसरीही माणसं यायला लागली. निवृत्त जवान. कुणी कंपनीच्या गेटवर, कुणी बँकेच्या दारात, कुणी नुसताच घरी. औषध घ्यायला यायचे आणि दादांच्या बुटांकडं बघून ओळखायचे. दादा पहिला प्रश्न विचारायचे, "युनिट कुठलं?" आणि दुसरा, "पुढं काय शिकणार?" माणूस गडबडायचा. "आता या वयात काय शिकायचं हो साहेब?" असं कुणी म्हटलं, की दादा खण उघडून फॉर्म काढायचे. त्या पुण्याच्या कार्यालयातून ते कोरे फॉर्म आणून ठेवायचे आणि माणसाला तिथंच बसवून भरून घ्यायचे, घरी न्यायची परवानगी नाही. एक जण आयटीआयचा इन्स्ट्रक्टर झाला, एक जण वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळेच टिकले नाहीत. एक सुभेदार दोन महिन्यांत कोर्स सोडून परत गेटवर गेले आणि दादांना तोंड चुकवायला लागले. दादाच त्यांच्या गेटवर गेले, चहा पाजला आणि म्हणाले, "सुभेदारसाहेब, गेट वाईट नाही. मीही होतो. फक्त कंटाळा आला तर सांगा."

आमच्या दुकानाचं शटर दुपारी दोन ते तीन अर्धं खाली असतं. पहिली शिफ्ट सुटायच्या आधीचा तो तास रिकामा जायचा, म्हणून दादांनी तो अभ्यासाला घेतला होता. आत औषधांच्या खोक्यांमध्ये एक लोखंडी टेबल आहे, तिथं बसून ते बी.ए.चा अभ्यास करत होते, बाहेरून परीक्षा देऊन, मराठी विषय घेऊन. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अहवाल सोडून दुसरं काही लिहिता येतंय का बघायचंय." दुसरं वर्ष चालू होतं. ते गेल्यावर मी आठवडाभरानं दुकान उघडलं तेव्हा वाटलं, आता हा तास कशाला बंद ठेवायचा. दोन वाजता शटर पूर्ण वर ठेवून बसले. तासभर एकही माणूस आला नाही. तीनच्या ठोक्याला चार जण आले. "दोन ते तीन दादांचा अभ्यास असतो ना," त्यातला एक म्हणाला. मग दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा शटर अर्धं ओढायला लागले. टेबल पुसते, खिडकी उघडते, थोडं वाचते.

गेल्या आठवड्यात सुनंदावहिनी दुपारच्या बसनं आल्या. मुलगी आपल्याकडं, नाशिकला, चल म्हणून मागं लागलीय, त्याबद्दल बोलायला आल्या असतील असं मला वाटलं. वाकून शटरखालून आत आल्या, दादांच्या खुर्चीवर बसल्या, टेबलावरून हात फिरवला. मी चहा दिला. कप अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "रझिया, त्या पुण्याच्या ऑफिसात माजी सैनिकाच्या बायकोसाठी काही असतं का गं? शिकायचं असलं तर?"

"असतं, वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी खण उघडून फॉर्म काढला. त्या म्हणाल्या, घरी नेते, सावकाश भरते. मी म्हटलं, घरी न्यायची परवानगी नाही. तेव्हा त्या हसल्या, त्या दिवसानंतर पहिल्यांदा मोकळं. पेन मीच धरलं कारण त्यांनी चष्मा आणला नव्हता. नाव, पत्ता, पतीचं नाव, पतीचा हुद्दा… तो मी हळू लिहिला. मग शिक्षणाचा रकाना आला.

"काय लिहू?"

"दहावी लिही," वहिनी म्हणाल्या. आणि मी पुढच्या ओळीकडं वळतेय तोच त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पुढं जरा जागा सोड."